वरून तिसरं सूत

६ जानेवारी

चि. भिंगरीस,

तुला एक आजी आहे. बुटकी, बोलघेवडी, डावा गुडघा कुरकुरणारी. आठवली का? नसेल आठवत तर काकाकडे माझा फोटो आहे, मागवून घे. चार महिन्यांत तुझं एक पत्र नाही, आणि परवा फोनवर काकाकडे निरोप काय, तर ‘आजीला विचार, दोरात निळं सूत कधीपासून घालता.’ आजी कशी आहे ते विचारायचं राहिलं. विचारलंस असं समजून सांगते: बरी आहे.

उत्तर फोनवरच दे म्हणाला काका. पण फोनवर तू ओरडतेस, मी ओरडते, मधूनच काका ओरडतो, आणि शेवटी ऐकलेलं कोणीच नसतं. म्हणून हे पत्र. मी सांगतेय आणि खालच्या दुकानातला चष्मेवाला लिहितोय. मला अक्षर ओळखू येत नाही याचा फायदा घेऊन तो माझं बोलणं सुधारतो, असा मला संशय आहे. तसं दिसलं तर कळव.

आता तुझं काम. निळं सूत तुझ्या बाबाला पहिला दात यायच्या आधीपासून आहे. बाबाचं वय घे, त्यातून सात महिने वजा कर. तारीख हवी असेल तर ती तेव्हा मला कोणी सांगितली नव्हती.

काका म्हणतो, नदीपलीकडच्या गिरणीने यंत्रावर वळलेला दोर बाजारात आणलाय आणि त्याच्या अंगावर निळी रेघ दिलीय. दुकानात माणूस ‘निळ्या सुताचा दोर द्या’ म्हणतो आणि गिरणीचा घेऊन जातो. आपल्या पडवीत दोर वळायला अकरा माणसं होती, आता सात आहेत. तू त्या वकीलबाईंकडे चिन्हं नोंदवायच्या कामाला लागली आहेस, तेव्हा निळं सूत आपल्या नावावर लागेल आणि गिरणीला ते काढावं लागेल, अशी काकाला आशा आहे. मला आशा नाही, उत्सुकता आहे. खूण नोंदवतात म्हणजे करतात काय? दोराचा तुकडा कपाटात ठेवतात? ठेवत असतील तर वरच्या फळीवर ठेवायला सांग. खालच्या फळीवर उंदीर येतात.

तुझी,
आजी


१७ जानेवारी

आजी,

फोटो मागवावा लागला नाही. पत्र वाचताना तू समोर बसून गुडघा चोळत होतीस. चार महिने लिहिलं नाही त्याला सबब नाही, म्हणून देत नाही. चष्मेवाले काही सुधारत नाहीत, त्यांच्यावरचा संशय मागे घे.

दोर कपाटात ठेवत नाहीत. राष्ट्रीय पेटंट कार्यालय म्हणून एक तीन मजली इमारत आहे. सगळ्यात वर पेटंट: कोणी नवी युक्ती काढली की ती तिथे जाते. मधल्या मजल्यावर डिझाइन: बाटलीचा आकार, खुर्चीची पाठ, म्हणजे वस्तू दिसते कशी ते. आणि तळमजल्यावर ट्रेडमार्क: हा माल कोणाचा हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून केलेली खूण. आपलं काम तळमजल्यावर. लांबच लांब दालन, टेबलांवर फायलींचे ढिगारे, आणि प्रत्येक ढिगाऱ्यामागे एक परीक्षक. अर्ज तपासतात ते परीक्षक. कोणी आलं की आधी ढिगाऱ्यावरून नुसतं कपाळ दिसतं, मग डोळे.

तुला आवडेल असं एक सांगते. नवी खूण आली की ती आधीच दुसऱ्या कोणाची आहे का ते शोधावं लागतं. खुणेत अक्षर नसेल तर चित्रावरून शोधतात. त्यासाठी जगातल्या सगळ्या चित्रांचे वर्ग पाडलेत. तारे एका वर्गात, माणसं एका, प्राणी एका. पक्ष्यांत पंख पसरलेला वेगळा काढलाय. चंद्र पुरा वेगळा, अर्धा वेगळा. प्रत्येकाला आकडा. आपला दोर कापला की टोकावर तीन निळे ठिपके दिसतात ना, तीच आपली खूण म्हणून मी दाखल केलीय. ठिपक्यांनाही आकडा आहे.

आणखी एक गंमत. दोन खुणा सारख्या आहेत का हे ठरवताना त्या नुसत्या शेजारी ठेवून बघत नाहीत. एक गिऱ्हाईक मनात धरतात. साधं, घाईतलं, आणि आधीची खूण अर्धवट आठवणारं. त्याची गल्लत होईल का, एवढंच विचारायचं. कायद्यात या गिऱ्हाइकाला मोठा मान आहे.

बाईंनी ही फाईल मला एकटीला दिलीय. माझी पहिलीच. ती बुडाली तर माझं नाक कापलं जाईल हे सोड, पण पडवीतली ती सात माणसं मला लहानपणापासून कडेवर घेत आलीत. हे मी कोणाजवळ बोलत नाही, तुझ्याजवळ बोलते. सूत कधीपासून आहे याला एखादा जुना कागद मिळेल का? बाबांचा दात पुरावा म्हणून चालत नाही. मी विचारून पाहिलं.

तुझी,
भिंगरी


२९ जानेवारी

चि. भिंगरीस,

अर्धवट आठवणारं गिऱ्हाईक म्हणजे तू. सरकारने तुझ्यासाठी कायदा केला याचा मला अभिमान आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा चष्मेवाल्याने जांभई दिली. चित्रांना आकडे आहेत, शोधायला पगारी माणसं आहेत, आणि मला साठ वर्षं वाटत होतं की जगात असं शोधणारी मी एकटीच. मी साबण कसा आणते? बगळा काठावर उभा असेल तो कपड्यांचा, बगळा पाण्यात असेल तो अंगाचा. काडेपेटी चाकाची. चाकाला आठ आरे असतील तर पेटते, सहा असतील तर नुसता धूर. औषधाच्या बाटलीवरचा साप मला आवडत नाही, पण बाटली कधी चुकली नाही. एक दिवस मला त्या दालनात बसव. तुमचे परीक्षक आकडा शोधेपर्यंत मी खूण शोधून देईन. तेवढं एक विचारून कळव: तोंड असलेला चंद्र चंद्रांत घालतात की माणसांत?

कागद मिळेल. चौकातल्या मनोऱ्याच्या घड्याळाची वजनं आपल्याच दोरावर लटकतात. पहिला दोर तुझ्या आजोबांनी दिला. नगरपालिकेच्या जुन्या वहीत ‘निळे सूत असलेला दोर’ अशी नोंद आहे, तारखेसकट. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने मला एकदा वाचून दाखवली होती. काकाला नक्कल आणायला पाठवते. तो कुरकुरेल, पण जाईल.

मला एक सांग. तुझ्या फॉर्मात कधीपासून ते विचारलंय, कोणी ते विचारलंय, कुठल्या मालावर तेही विचारलंय. कशासाठी घालता, असा रकाना नाही का? नसेल. सरकारला कारणांची घाई नसते.

आजी


१४ फेब्रुवारी

आजी,

तोंड असलेला चंद्र चंद्रांतच. आपली फाईल ज्यांच्याकडे आहे त्या परीक्षकांनाच विचारलं. हडकुळे, लोकरी बंडी घातलेले, फारसे न बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं, उठले, जाडजूड पुस्तक काढून खात्री केली आणि मग म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. कोणाचा?” मी तुझं नाव सांगितलं.

वहीची नक्कल पोचली. उत्तम कागद आहे, बाईंनी दोनदा मान हलवली. शोधही झाला. तीन ठिपके एका बियाणेवाल्याचे आहेत आणि एका बटणवाल्याचे. दोराला कोणाचे नाहीत.

अडचण दुसरीच निघाली. परीक्षक म्हणतात, दुकानात दोराची टोकं पट्टीने बांधलेली असतात, मग ठिपके गिऱ्हाइकाला दिसणार कुठून? जी खूण दिसतच नाही तिच्यावरून माल ओळखणार कसा? बाईंनी तोड सुचवली. त्याप्रमाणे मी नवा अर्ज केलाय आणि काकांशी बोलून दोरात एक लहानशी सुधारणा ठरवलीय. तू त्यात डोकं घालू नकोस. गुडघा सांभाळ आणि पडवीत उतरू नकोस, पायऱ्या ओल्या असतात.

‘कशासाठी’ असा रकाना खरंच नाही. असता तरी मी काय लिहिलं असतं? छान दिसतं म्हणून.

तुझी,
भिंगरी


२० मार्च

भिंगरी,

काल रंगारी आला होता. उंच इमारतींना बाहेरून लटकून रंग देतो तो. त्याचा बापही आपल्याच दोरावर लटकायचा. खांद्यावर नवाकोरा दोर, वेटोळ्याची गाठही सोडलेली नव्हती. दारातूनच म्हणाला, “म्हातारे, झिजलेलेच दोर विकायला लागलात काय?”

“माझ्याबद्दल बोलतोयस की दोराबद्दल?”

“दोराबद्दल. तुझं मला आधीपासून माहीत आहे.”

दोर हातात घेतला तर निळं सूत अंगावर. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आगगाडीच्या रुळासारखं. मी पायऱ्या उतरून पडवीत गेले. हो, ओल्या होत्या. काका मला बघून चहा सांगायला उठला, तेव्हाच मी ओळखलं.

“हे कोणी केलं?”

“भिंगरीने सांगितलं.”

“आणि तू ऐकलंस?”

“आई, खूण दिसायला हवी म्हणतात.”

“मग रंगाऱ्याने काय बघायचं?”

“रंगारी उरलेत किती? सहा. सहा जणांना तोंडी सांगतो ना, आता निळं बाहेरच असतं, घाबरायचं नाही म्हणून. बाकी सगळे पेट्या बांधतात.”

तू दर सुट्टीत या पडवीत खेळलीस आणि एकदाही विचारलं नाहीस, म्हणून आता न विचारता सांगते. आपला दोर तीन पदरांचा. प्रत्येक पदरात वरून तिसरं सूत निळं. नव्या दोरात ते दिसत नाही. दोर भिंतीला घासतो, कठड्याला घासतो, पहिलं सूत जातं, दुसरं जातं, मग निळं डोकावतं. निळं दिसलं की त्या दोराने पेट्या बांधायच्या, कपडे वाळत घालायचे. माणूस लटकवायचा नाही. छान दिसतं म्हणून नव्हे.

आता ते पहिल्या दिवसापासून बाहेर. मग दोर म्हातारा झाला हे कोण सांगणार, तुझे बंडीवाले? काकाला सांग, सूत आत घाल. माझं तो ऐकत नाही. मी नुसती आई आहे.

आजी


२७ मार्च

आजी,

मला ठाऊक नव्हतं. दोरावर वाढले आणि दोर माहीत नाही, हे वाचून तू हसशील. हस.

पण वेळ फार वाईट आलीय. परीक्षकांनी आता लेखी प्रश्न पाठवलाय: ‘हे सूत दोरात कोणत्या कामासाठी घालतात?’ नियम असा आहे की वस्तूचा जो भाग काही काम करतो, तो एका माणसाची खूण म्हणून नोंदवता येत नाही. कारण मग दुसऱ्या कोणालाच ते काम करणारी वस्तू बनवता येणार नाही. म्हणजे तू मला जे कळवलंस ते मी त्यांना कळवलं, तर अर्ज तिथेच संपला. गिरणी रेघ ओढत राहणार आणि काकांची पडवी वर्षभरात बंद.

बाईंनी तुझ्या नावाने एक प्रतिज्ञापत्र तयार केलंय, सोबत आहे. ‘निळे सूत केवळ ओळखीसाठी घातले जाते’ एवढंच त्यात आहे. बाई म्हणतात, लोक त्या सुतावरून आपला दोर ओळखतात हे काही खोटं नाही, थोडं कमी सांगितलं आहे इतकंच. घरात तूच सगळ्यांत जुनी, म्हणून अंगठा तुझा हवा. चष्मेवाले वाचून दाखवतील. दहा एप्रिलच्या आत पोचायला हवं. नोंदणी एकदा होऊ दे, मग सुताचं काय करायचं ते मी आणि काका बघतो. तोवर रंगाऱ्यांना काका समजावतायतच.

तुला हे आवडणार नाही. तरी मागतेय.

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरी,

रंगारी पडला. जिवंत आहे, ते आधी सांगते.

काकाने त्याला समजावलं होतं, अगदी नीट समजावलं होतं. निळं दिसलं तरी घाबरायचं नाही, ती आता आमची खूण आहे. त्याने नवा दोर घरी ठेवला आणि हातातला जुना संपवू म्हणाला. जुन्याला निळं डोकावलं. मागच्या वर्षी असतं तर त्याने तो तिथल्या तिथे उतरवला असता. या वेळी बघितलं, काकाचं बोलणं आठवलं, आणि पंधरा दिवस त्याच दोरावर चढत राहिला. काल दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी तुटला. खाली एका दुकानाचं कापडी छत होतं, ते फाटलं, मग जमीन. उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय.

मी दवाखान्यात जाऊन आले. मला म्हणाला, “निळं दिसलं होतं गं म्हातारे. येऊन विचारायला हवं होतं मी.” त्याने माझी माफी मागितल्यासारखं केलं. त्याने.

तुझा कागद चष्मेवाल्याने वाचून दाखवला. मी अंगठा दिलेला नाही, शाईची डबीही उघडली नाही. कागद परत पाठवतेय. मागची बाजू कोरी आहे.

आजी


९ एप्रिल

आजी,

काकांना बोल लावू नकोस. सूत बाहेर काढा म्हणून मी सांगितलं होतं, दोनदा फोन करून. आज त्यांना फोन करून सांगितलं की बाहेरच्या सुताचे जेवढे दोर विकले तेवढे परत आणा. ते ओरडले नाहीत, विक्रीची वही शोधायला उठले. 

दवाखान्यातल्या रंगाऱ्यांना मी स्वतः वेगळं पत्र लिहिलंय.

बाईंना सगळं सांगितलं. त्या फाईल माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “फाईल तुझी आहे. उत्तरावर सही तुझी. काय लिहायचं ते तू ठरव.” दहा दिवसांची मुदत वाढवून घेतलीय.

जानेवारीत विचारायचं ते आज विचारते. हे सूत पहिल्यांदा कोणी घातलं आणि काय झालं होतं? मला खरं लिहायचंय, आणि मला ते पुरतं माहीतच नाही.

भिंगरी


१३ एप्रिल

चि. भिंगरीस,

मी घातलं.

तुझे आजोबा दोर वळायचे, मी त्यांना सुतं विंचरून द्यायची. या रंगाऱ्याचा आजा आपल्या दोरावरून पडला, तो उठला नाही. दोर वाईट नव्हता, म्हातारा झाला होता, आणि ते कोणाला कळलं नाही. तुझ्या आजोबांनी महिनाभर दोराला हात लावला नाही. मग म्हणाले, यापुढे प्रत्येक दोराला चिठ्ठी बांधायची, विकल्याची तारीख लिहून. दोन वर्षं झाली की टाकून द्यायचा.

मी म्हटलं, “ज्याला वाचता येत नाही त्याने?”

“विचारावं कोणाला तरी.”

“चौथ्या मजल्याच्या बाहेर लटकून कोणाला?”

यावर ते चिडले, म्हणजे त्यांना पटलं.

माझ्याकडे एक निळी शाल होती, विटलेली. ती उसवली. पहिल्यांदा सूत अगदी गाभ्यात घातलं. ते दिसेपर्यंत दोर तुटायचा. मग वरून दुसरं घातलं, ते आठवड्यातच डोकावायचं, असा दोर कोण घेईल? सबंध हिवाळा मी वाळूची पोती टांगून, दोर खांबाला घासून घासून बघत होते. तुझा बाबा पाळण्यात रडायचा आणि मी पोती मोजायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, हिला वेड लागलं. तिसरं सूत बरोबर निघालं. निळं दिसल्यावरही दोर बराच काळ पोतं पेलायचा, म्हणजे माणसाला खाली उतरून घरी जायला वेळ मिळतो. पंधरा दिवस चढत राहायला नाही मिळत.

आजोबांना दाखवलं. खूप वेळ दोर हातात फिरवत बसले आणि म्हणाले, “ही चिठ्ठी बरी आहे.” बस, एवढंच. एरवी त्यांनी माझं कौतुक केलेलं मला आठवत नाही, म्हणून हे चांगलं लक्षात आहे.

हे सगळं तुझ्या बंडीवाल्यांना सांग. पडवीतल्या सात जणांचं काय, हे मला कळत नाही. त्यांच्या घरांची दारं मी ओळखते. पण निळं सूत एकट्या आपलं ठरलं, तर दुसऱ्यांच्या दोरांवर लटकणाऱ्यांनी काय बघायचं? गिरणीचा दोर जास्त खपतो ना, मग जास्त माणसं त्याच्यावरच लटकणार.

आणि एक कुतूहल आहे. माझी ही युक्ती तुमच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची होती का? तेव्हाच तिथे गेले असते तर काय झालं असतं?

आजी


२ जून

आजी,

हो, वरच्या मजल्यावरची होती. कोणाला सांगण्याआधी तू तिथे गेली असतीस, पोती आणि शाल सगळं समजावून दिलं असतंस, तर ठरावीक वर्षं ती युक्ती तुझी एकटीची राहिली असती. आता उशीर झालाय. तिथे युक्ती नवी लागते, आणि तू ती पहिल्याच वर्षी गावभर सांगून टाकलीस. हे मी वरच्या मजल्यावर जाऊन विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, “तुमच्या आजींनी उतावळेपणा केला.” तुला पहिल्यांदाच कोणी उतावळी म्हटलं असेल असं नाही.

उत्तर मी लिहिलं. तुझं पत्र जवळजवळ जसंच्या तसं. आजोबा चिडले तेवढं गाळलं. परीक्षकांनी बोलावून घेतलं आणि समोर बसवून दोनच गोष्टी विचारल्या: पोतं किती वजनाचं होतं, आणि रंगारी आता कसा आहे. मग म्हणाले, “तुम्हाला कल्पना आहे ना, हा अर्ज आता मला नाकारावा लागेल?” मी हो म्हटलं. 

काल आदेश आला. अर्ज नाकारला. गिरणीनेही निळ्या रेघेचा अर्ज करून ठेवला होता, ते मला ठाऊक नव्हतं. आपलं उत्तर त्याच्याशेजारी ठेवून तोही नाकारला. आदेश कोणालाही उघडून वाचता येतो. त्यातलं एक वाक्य तुझ्यासाठी उतरवून देते:

‘दोराच्या प्रत्येक पदरात वरून तिसरे सूत निळे असते व ते दिसू लागल्यावर त्या दोराचा माणसाचे वजन पेलण्यासाठी वापर करू नये हे कळावे, हा या सुताचा उपयोग आहे; अशा उपयोगावर कोणा एकाचा हक्क असू शकत नाही.’

माझी पहिली फाईल बुडाली. बाईंनी आदेश वाचला, कपाटात ठेवला आणि माझ्यापुढे दुसरी फाईल टाकली. हातमोज्यांची. म्हणाल्या, “आधी विचार, हातमोजे करतात काय.” पडवीचं काय होईल ते मला माहीत नाही आजी. आपल्या दोरासाठी दुसरी खूण नोंदवू, वेष्टनावर छापायची, अक्षर नसलेली. चित्र तू सांग.

तुझी,
भिंगरी


२१ जून

चि. भिंगरीस,

ते वाक्य चष्मेवाल्याने पडवीत उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. वाचताना गळा साफ करत होता, जसं काही त्यानेच लिहिलंय. सात जणांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. सगळ्यांत म्हाताऱ्याने विचारलं, “म्हणजे आपण हरलो ना?” मी म्हटलं, “हो, हरलो.” “मग ठीक आहे,” म्हणाला, आणि परत पीळ द्यायला लागला. मी ते वाक्य अजून चारदा वाचून घेतलं. कोणी विचारलं तर सांग, एकदाच.

काकाने बाहेरच्या सुताचे अडतीस दोर विकले होते. पस्तीस परत आणलेत. उरलेल्या तिघांची दारं रोज ठोठावतो. माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी किल्ली सापडेना म्हणून बोलला.

मंगळवारी गिरणीचा माणूस आला. इस्त्रीचा सदरा, हातात चामडी पिशवी, पिशवीत दोराचा तुकडा. आदेश त्यांच्याकडेही पोचलाय. रेघ आता काढली, सूत आत घालतोय, म्हणाला. उकलून बघितलं तर वरून पाचवं.

“तिसरं का नाही?”

“यंत्राला पाचवं सोपं जातं, आजी. चालेल ना?”

“तू स्वतः लटकून बघ आणि मला सांग.”

लटकला नाही. पोती टांगली. त्याचा सदरा मळला, मग त्याने बाह्या दुमडल्या, मग खाली फरशीवर बसला आणि त्यानंतर कामाचा झाला. दुपारभर घासत होतो. त्याचं सूत आपल्यापेक्षा बारीक आहे, त्याला तिसरं फार लवकर दिसतं. चौथं बरोबर निघालं. सरकारी कागदावर तिसरं लिहिलंय, म्हणून तो चौथं घालायला घाबरत होता. मी म्हटलं, कागदाला माझा दोर माहीत आहे, तुझा नाही. विकण्याआधी दर वेळी घासून बघ. जाताना विचारलं, माहितीपत्रकात ही युक्ती कोणाची म्हणून लिहू? मी म्हटलं, काही लिहू नकोस, निळं दिसलं की काय करायचं तेवढं चित्र काढ. वाचता न येणाऱ्याला समजेल असं. काढलं की आधी मला आणून दाखव.

काका सगळा वेळ दारात उभा होता. गिरणीवाला गेल्यावर म्हणाला, “सगळं शिकवलंस त्याला.”

“सगळं नाही. हाताने दिलेला पीळ यंत्राच्या पिळापेक्षा कमी का झिजतो, हे त्याला विचारायचं सुचलं नाही.”

काका हसला नाही, पण जेवला नीट. सहाच्या सहा रंगारी आपलेच दोर घेणार म्हणालेत. सहा गिऱ्हाइकांवर सात माणसं किती दिवस, ते पुढच्या वर्षी कळेल. खुणेचं मी विचार करतेय. बगळा नको, तो साबणवाल्याचा आहे.

रंगाऱ्याला तुझं पत्र मिळालं, त्याच्या बायकोने वाचून दाखवलं. म्हणतो, पोरीला सांग, पाय बरा होतोय आणि राग नाही. राग होता, मी बघितलाय, आता कमी आहे. अजून दोन महिने पाय खुर्चीवर ठेवून खिडकीतून दुसऱ्यांनी दिलेले रंग बघत बसणार आणि नावं ठेवणार. त्याला सुके अंजीर पाठव, दोन डबे, दाबून मऊ लागतील तेच घे. मला एक डबा वेगळा, बांधाबांध घट्ट कर. काकाला पाठवू नकोस, तो माझ्यातले खातोच.

आजी